बारावी सायन्स झालीये, घरची परिस्थिती बेताची आहे. कमी पैशात नर्सिंगची डिग्री कशी करू? आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं तर वर्षं वाया जातात का?

नाही जात. मी स्वतः जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलला जीएनएम केलं, नोकरीला लागले आणि मग पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतर करायची डिग्री) केलं, त्यामुळे "वाया" हा शब्द वाचून राहवलं नाही.

माझी आणि चुलत बहिणीची बारावी एकाच वर्षी झाली. काकांनी शेतावर कर्ज काढून तिला एजंटमार्फत बाहेरच्या राज्यात प्रायव्हेट बीएस्सीला घातलं, आणि माझ्या बाबांना चारचौघांत म्हणाले, "सिव्हिलला टाकून पोरीला आया करताय का?" बाबा काही बोलले नाहीत. मला ते आजही लागतं.

सिव्हिलला लेबर रूमची पोस्टिंग म्हणजे रात्रभर एकही टेबल रिकामं नाही. सिस्टर शेजारी उभ्या राहून फक्त बोलायच्या, हात आमचे. डोकं बाहेर आलं की आधी मानेभोवती नाळ आहे का ते बोटाने बघ, मग खांदा, ओढू नको, बाळ रडलं नाही तर पुसून कोरडं कर, पाठ चोळ. केसबुकातली प्रत्येक डिलिव्हरी खरी असल्याशिवाय त्या सही करायच्या नाहीत. बहिणीच्या कॉलेजच्या हॉस्पिटलात खाटा होत्या, पेशंट नव्हते, इन्स्पेक्शनच्या दिवशी आसपासच्या गावातून माणसं आणून झोपवायचे आणि केसबुक सीनियरचं बघून उतरवायचं. पोरगी माझ्यापेक्षा हुशार, पण डिग्री हातात घेऊन आली तेव्हा तिला धड कॅन्युला लावता येत नव्हती, ती मी शिकवली. दोष तिचा नाहीच, ज्यांनी फी घेतली त्यांचा आहे.

आता तुमचं. पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) 45 टक्क्यांच्या वर असाल तर आधी नर्सिंगची सीईटी द्या आणि सरकारी बीएस्सीसाठीच झगडा. मुलगी असाल, ईडब्ल्यूएस, ओबीसी किंवा एसईबीसीत बसत असाल आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात 2024-25 पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राऊंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) हवा, मॅनेजमेंट कोट्याला ते नाही. एजंट हे कधीच सांगत नाहीत. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली असेल तर मिलिटरी नर्सिंगचा फॉर्म भरा, पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट, नंतर लेफ्टनंट म्हणून कमिशन, फक्त अविवाहित मुलींनाच घेतात आणि सर्व्हिसचा बाँड असतो.

यातलं काहीच नाही जमलं तर खुशाल सरकारी जीएनएम घ्या. तीन वर्षं, मग नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, नोकरी, आणि पोस्ट बेसिक दोन वर्षांत, किंवा दोन वर्षं अनुभव झाला की नोकरी न सोडता इग्नू या मुक्त विद्यापीठातून तीन वर्षांत. एम्सच्या नॉर्सेटलासुद्धा (नर्सभरतीची परीक्षा) 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव असलेली जीएनएम बसू शकते. कर्ज काढून रिकाम्या वॉर्डात शिकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि काकांनाही मी तोंडावर हेच सांगितलंय.

हां, सगळे प्रायव्हेट तसे नसतात. मिशन हॉस्पिटलांच्या, ट्रस्टच्या काही कॉलेजांत वॉर्ड भरलेले असतात, तिथे फी झेपत असेल तर जरूर जा. फक्त प्रवेशाआधी न सांगता एखाद्या दुपारी वॉर्डात चक्कर मारा आणि कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, ब्रोशरवर जाऊ नका. परदेशी जायचं पक्कं असेल तर मात्र थेट बीएस्सीच करा, बऱ्याच ठिकाणी डिग्री मागतात. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर आत्ताच काढायला टाका, राऊंड सुरू झाले की तहसीलला रांगा लागतात.