इतकं प्रेम करतोय, तरी ती दिवाणाखालून बाहेर का येत नाही?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच, शब्द वेगळे असतात पण काळजी तीच. ब्रीडरकडून सोडवलेलं कुत्रं हौसेनं घरी आणलेलं असतं, आठवडे उलटतात, आणि ते आपल्याकडे मान वर करून बघतही नाही. म्हणून चिंचवडच्या एका घराची केस सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, कुत्रीचं नाव फक्त बदललंय, चिंगी म्हणू.

चिंगी बीगल जातीची, व्हेटनी म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी दात बघून साधारण पाच वर्षांची सांगितली. शहराबाहेरच्या एका शेडमध्ये पिल्लं काढण्यासाठी ठेवलेल्या माद्यांपैकी एक. जाळीच्या पिंजऱ्यात झोपायचं, तिथेच खायचं, तिथेच शी-शू, माजावर आली की नर लावायचा, पिल्लं झाली की विकायची आणि परत तेच. ब्रीडिंगसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, १८ महिन्यांच्या आतल्या मादीला नर लावायचा नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. त्या शेडमध्ये यातलं काहीही पाळलं जात नव्हतं. चिंगी आली तेव्हा नखं वाढून वळली होती, दात किडलेले, सड लोंबलेले. महिनाभर फोस्टरकडे, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे राहिली, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि मग या घरी आली.

त्या घरातल्या ताईंचा फोन आला तेव्हा सहा आठवडे झाले होते. बोलता बोलता रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मॅडम, मी रोज तिच्यापाशी तासतासभर पालथी पडून हाका मारते, हातावर चिकन धरते, ती भिंतीला चिकटून थरथरते नाहीतर एकटक भिंतीकडे बघत बसते, आम्ही कुठे कमी पडतोय का, परत द्यावी का तिला?

मी आधी एकच सांगितलं, की हे तुमच्यामुळे नाहीये. अमेरिकेत २०११ मध्ये ११६९ अशा कुत्र्यांचा अभ्यास झाला होता, ब्रीडिंगमधून सुटून घरात आलेल्या, त्यातही हेच दिसलं, साध्या घरगुती कुत्र्यांपेक्षा भीती खूप जास्त, घरात घाण करणं जास्त, शून्यात बघत बसणं जास्त, पण अनोळखी माणसांच्या किंवा दुसऱ्या कुत्र्यांच्या अंगावर जाणं मात्र कमी. पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून पुढे तीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं ते त्याला ओळखीचं होतं. चिंगीनं त्या काळात मिक्सर, कुकरची शिट्टी, जिना, पंखा, मायेनं पुढे आलेला हात यातलं काही पाहिलंच नसणार. तिच्या लेखी हात म्हणजे उचलून न्यायला आलेला हात, मग त्यात चिकन असो नाहीतर काही असो.

घरी गेले तर बघितल्या बघितल्या दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे ताईंनी दिवाणाखाली तोंड घातलं की चिंगी जीभ काढून स्वतःचं नाक चाटायची, मग जांभई द्यायची. ताईंना वाटायचं झोप आलीय. ती झोप नव्हती, ‘जवळ येऊ नका’ असं ती सांगत होती. आणि दुसरं म्हणजे फरशी, गुळगुळीत, पांढरीशुभ्र, सगळ्या हॉलभर. आयुष्यभर जाळीवर उभ्या राहिलेल्या कुत्रीची बोटं फाकलेली असतात, टाईलवर पाय टेकला की सरकतो.

रात्री मोबाईल चार्जिंगला लावून व्हिडिओ सुरू ठेवा म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठवला. रात्री पावणेतीनला चिंगी बाहेर! भिंतीला अंग घासत, या पायपुसण्यावरून त्या पायपुसण्यावर, पाणी प्यायली, दादांच्या चपला हुंगल्या, बाथरूमच्या दाराशी शू केली आणि त्याच वाटेनं परत. ताई म्हणाल्या, म्हणजे ती फिरते? हो, फिरते, कुणी बघत नसताना फिरते.

मग सगळा उलटा कार्यक्रम लावला. दिवाणाखाली कुणी डोकावायचं नाही, हाका नाहीत, हातातून खाऊ नाही. दिवाणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून गॅलरीपर्यंत चटया, योगा मॅट, जे असेल ते अंथरायचं. जेवण ठरलेल्या वेळी चटईवर ठेवून निघून जायचं. शू जिथे करेल तिथे वर्तमानपत्र, मग तो कागद रोज थोडा थोडा गॅलरीकडे सरकवायचा. शेजारच्या काकांनी शूमध्ये नाक घासायचा सल्ला दिला होता, तो अजिबात ऐकायचा नाही हे मी जरा आवाज चढवूनच सांगितलं, कारण झोपायची जागा वेगळी आणि घाण करायची वेगळी हे तिला कुणी कधी शिकूच दिलं नव्हतं, त्याची शिक्षा तिला का?

या सगळ्यात खरी मदत झाली आजींची. आजींना कुत्रं घरात नकोच होतं, त्यामुळे त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलंच नाही. रोज अकरा वाजता त्याच चटईच्या टोकाला पाठ करून बसायच्या, मटार सोलायच्या. तेच बोटांचं काम, तोच टपटप आवाज. बाराव्या दिवशी चिंगी दिवाणाच्या कडेपर्यंत आली, विसाव्या दिवशी दोन हातांवर. एक मटार घरंगळत गेला, तिनं तो खाल्ला. मी आजींना फोनवर म्हटलं, आजी, मान वळवू नका फक्त. त्या म्हणाल्या, मला कुठे वेळ आहे वळवायला. साधारण सातव्या आठवड्यात तिनं आजींच्या पाठीला पाठ लावली आणि तशीच झोपली.

ताईंना त्या दिवशी वाईट वाटलं, मोकळेपणानं बोलल्या, इतकं मी केलं आणि ती आजींकडे गेली. असं वाटणं साहजिक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी त्यांना अकराची ती जागा दोन दिवस आजींकडून मागून घ्यायला सांगितलं.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीत चार दिवस ती परत दिवाणाखाली होती, जेवली नाही, तेव्हा व्हेटशी बोलून औषध दिलं, ते द्यावं लागलं तर कमीपणा मानू नये. आणि एकदा कुरिअरवाल्यासाठी दार उघडलं तर ती पळायच्या बेतात होती, तेव्हापासून हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्हींना वेगवेगळी लीश, म्हणजे धरायची दोरी, लावतात आणि बेल वाजली की आधी आतलं दार बंद. नव्या घरात आलेल्या अशा प्रत्येक कुत्र्यासाठी मी हे पहिल्या दिवसापासून करायला लावते, घाबरलेलं कुत्रं सुटलं की हाक मारून येत नाही.

आता अकरा महिने झालेत. ताई भाजी निवडायला बसल्या की चिंगी येते, हनुवटी त्यांच्या मांडीवर टेकवते, हात मात्र पाठीवरच चालतो, डोक्यावरून आणलेला नाही. गॅलरीतच शू करते. लिफ्टमध्ये अजून जात नाही, जिना उतरत नाही, दादा तिला रोज तिसऱ्या मजल्यावरून उचलून खाली नेतात आणि ती कधी उतरायला लागेल हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांत विचारलेलं नाही.