रेझ्युमेत तुमचं काम दिसलं पाहिजे

या वेळी रेझ्युमेबद्दलच इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: नमस्कार ताई, मी सिन्नरचा, डिप्लोमा मेकॅनिकल झालोय आणि नाशिकच्या अंबडला एका व्हेंडरकडे दोन वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) आहे. सातपूर, गोंदे, सगळीकडच्या मोठ्या कंपन्यांमध्ये रेझ्युमे टाकतो पण कॉलच येत नाही. फॉरमॅट कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतलाय, सोबत पाठवतोय, काय चुकतंय ते सांगा ना. आमच्याकडे सेटिंग, म्हणजे मशीनवर नवा जॉब लावून देणं, मीच करतो, मध्ये एक टूल ट्रॉली पण बनवली त्यामुळे सेटिंगला पाऊण तास लागायचा तो अर्ध्या तासावर आला. पण असलं काही रेझ्युमेत लिहितात का?

उत्तर: अरे, लिहितात म्हणजे काय, तेच लिहायचं असतं! पत्राच्या शेवटी तू सहज जे सांगितलंस ते वाचून मला तू कोण आहेस ते कळलं, आणि रेझ्युमेची दोन पानं वाचून काहीच कळलं नाही. पहिलं अर्धं पान करिअर ऑब्जेक्टिव्हमध्ये गेलंय, नामांकित कंपनीत काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावायचाय वगैरे, मग हार्डवर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेअर, मग दहावीचे टक्के आणि डिप्लोमाच्या सहाही सेमिस्टरचे मार्क, आणि दुसऱ्या पानावर खाली कुठेतरी एक ओळ, व्हीएमसी ऑपरेटर म्हणून काम करतो. दोन वर्षं उन्हापावसात सिन्नरहून अंबडला ये-जा करून जे शिकलास ते एका ओळीत संपवलंस, आणि वडिलांचं नाव, धर्म, मॅरिटल स्टेटस, क्रिकेटची आवड, वरील माहिती खरी असल्याचं डिक्लेरेशन याला मात्र अर्धं पान दिलंस.

तो झेरॉक्सवाला वाईट नाही, पण त्याच्याकडे एकच फाइल असते आणि तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं नाव बदलून तीच निघते. समोरच्या टेबलावर एकसारखे कागद येऊन पडले की कोण कुणाला वेगळं काढणार? आजकाल चॅटजीपीटीकडून लिहून घेतात त्याचंही तेच झालंय, भाषा गुळगुळीत असते, पण माणूस सापडत नाही.

मी अंबडच्या एका कंपनीत एचआरला होते तेव्हा प्रोडक्शनचे साहेब रेझ्युमे हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारायचे, "याला सेटिंग येतं का नुसतं सायकल स्टार्ट दाबतो?" बघ, त्यांना जे हवं होतं ते तुझ्याकडे आहे आणि ते लिहिलेलंच नाही. म्हणून पान एकच ठेव आणि वरच्या भागात नाव, मोबाइल, ईमेल झाला की लगेच काम घे. साधारण असं (हे सगळं इंग्रजीत लिहायचं, इथे समजावं म्हणून मराठीत देते, आणि तू सांगितलं नाहीस ते मी अंदाजाने भरलंय, तिथे तुझं खरं टाक):

"व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर, फॅनुक कंट्रोल. ॲल्युमिनियम आणि कास्ट आयर्नचे हाउसिंग. फिक्स्चर लावणं, वर्क ऑफसेट, टूल ऑफसेट, प्रोग्रॅममधले छोटे बदल स्वतः. बोअरचा टॉलरन्स २० मायक्रॉन, बोअर गेज आणि मायक्रोमीटरने तपासणी, फर्स्ट पीस अप्रूव्हल घेऊन लॉट चालू. पुढच्या जॉबची टूल्स आधीच लावून ठेवायला ट्रॉली तयार केली, सेटिंगचा वेळ ४५ मिनिटांवरून ३० वर आला."

एवढं वाचून शॉपमधल्या माणसाला तुझं काम डोळ्यासमोर दिसतं. मशीनचा कंट्रोल कुठल्या कंपनीचा आहे, फॅनुक का सीमेन्स, मटेरियल काय, टॉलरन्स किती, मोजतोस कशाने, हे त्याला पाहिजे असतं, हार्डवर्किंग आहेस हे तू न सांगता त्याला यातूनच कळतं. रिजेक्शन कमी झालं असेल, फाइव्ह एस किंवा कायझेनमध्ये (कामाची जागा आणि पद्धत सुधारण्याचे उपक्रम) भाग घेतला असेल तर तेही टाक, पण आकडा खरा पाहिजे कारण इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येणार, की बाबा पंधरा मिनिटं वाचवलीस ती कशी? आणि त्याचं उत्तर तुला झोपेतून उठवलं तरी देता येईल. म्हणून तर ते लिहायचं.

अजून एक, तुझी पीडीएफ म्हणजे प्रिंट काढून मोबाइलने फोटो मारलाय आणि त्याची पीडीएफ केलीय. बऱ्याच मोठ्या कंपन्यांकडे रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला एटीएस म्हणतात, आणि फोटोतली अक्षरं त्याला नीट वाचता येतीलच असं नाही, मग तुझा रेझ्युमे कुणाच्या नजरेलाच पडत नाही. वर्डमध्ये टाइप करून थेट पीडीएफ कर. कॅनव्हावरची दोन कॉलमची, रंगीत पट्ट्यांची, स्किलला पाच पैकी चार स्टार वाली डिझाइनंही यासाठी नको, शिवाय व्हीएमसीला चार स्टार म्हणजे नक्की काय येतं ते कुणालाच समजत नाही. जाहिरातीत "व्हीएमसी सेटर" असं लिहिलं असेल आणि तू तेच काम करत असशील तर तोच शब्द तुझ्या रेझ्युमेत असू दे.

सिन्नरचा आहेस तर पत्त्याखाली एक ओळ टाक, तिन्ही शिफ्टला तयार, स्वतःची टू-व्हीलर आहे (असेल तर). गोंद्याच्या कंपनीला सिन्नरचा मुलगा दिसला की सेकंड शिफ्ट सुटल्यावर हा रात्री घरी कसा जाणार हा विचार येतोच, त्याचं उत्तर आधीच दिलेलं बरं.

प्रश्न: मी इंदिरानगरला राहते, बीकॉम आहे. लग्नाआधी आणि नंतर मिळून चार वर्षं सीएच्या ऑफिसात काम केलं, २०१९ मध्ये मुलगी झाली आणि नोकरी सोडली. आता पुन्हा सुरू करायचंय पण रेझ्युमेत एवढी मोठी गॅप बघून कुणी बोलावणार नाही असं घरातले म्हणतात. काहीजणी म्हणतात तारखा लिहूच नका.

उत्तर: तारखा लिहा, नक्की लिहा. तारखा नसल्या की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवलंय, आणि मूल वाढवणं ही लपवायची गोष्ट नाही हो. एक सरळ ओळ पुरे: २०१९ पासून मुलीच्या संगोपनासाठी ब्रेक, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध. त्यापुढे खुलासा करत बसू नका.

पण या काळात तुम्ही खरंच काहीच केलं नाही का, हे एकदा शांतपणे आठवा. कारण माझ्याकडे येणाऱ्या बायका नेहमी "घरीच होते" म्हणतात आणि मग विचारलं की निघतं, सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब हीच बघत होती, ऑडिटला कागद हिनेच काढून दिले, कुणाच्या सासरची पिंपळगावला द्राक्षाची बाग आहे तर मजुरी, औषधं, व्यापाऱ्याकडून येणं याची सगळी वही हिच्याकडे. तुमचंही असं काही असेल तर ते अनुभवात लिहा, पगार नव्हता म्हणून ते काम नव्हतं असं नाही. फक्त पगारी नोकरी असल्यासारखं दाखवू नका, "सोसायटीचे हिशेब, मानद" असं स्पष्ट लिहा.

दुसरं म्हणजे तुमच्या कामात मधल्या काळात बदल झालेत. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला म्हणजे तो तुम्ही हाताळलाय, जीएसटीआर-१ आणि ३बी ही रिटर्न भरली असतील तर ती नावानिशी लिहा. पण त्यानंतर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आलं, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना ते लागतं, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी नाइन जाऊन टॅलीप्राइम आलं. महिनाभर ओळखीच्या कुणाकडे बसून हात बसवून घ्या आणि मगच "टॅलीप्राइम, ई-इन्व्हॉइस" असं रेझ्युमेत टाका. गॅपबद्दलची शंका त्या ओळीने जितकी जाईल तितकी दुसऱ्या कशाने जाणार नाही. जुन्या सीए सरांनाही एकदा फोन करा, ऑफिसातल्या जागा बऱ्याचदा जाहिरात न देता ओळखीतूनच भरतात.

प्रश्न: इंजिनिअरिंग झालं, फ्रेशर आहे. मित्र म्हणतात एक वर्षाचा अनुभव टाकून दे, एक्स्पिरियन्स लेटर मिळतं विकत. आणि आधार नंबर, पॅन नंबर रेझ्युमेत द्यायचा का?

उत्तर: अजिबात टाकू नकोस. पीएफ कापला जात असेल तर यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) कुठल्या कंपनीत कधी लागलास, कधी सोडलंस सगळं दिसतं, खोटी नोकरी तिथे सापडत नाही, आणि व्हेरिफिकेशन करणारी कंपनी तेच मागते. लागलेली नोकरी दोन महिन्यांनी गेली तर घरी काय सांगशील? त्यापेक्षा एनएटीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदव, डिग्री-डिप्लोमावाल्यांना तिथून अप्रेंटिसशिप मिळते, स्टायपेंड मिळतो आणि वर्षभराचा अनुभव खराखुरा होतो. तोवर फायनल इयरचा प्रोजेक्ट नीट लिही, त्यात चार जणांच्या ग्रुपमध्ये तू स्वतः काय केलंस तेवढंच.

आधार, पॅन काहीही द्यायचं नाही, रेझ्युमे कुठे कुठे फिरतो त्याचा पत्ता लागत नाही, जॉइनिंगच्या वेळी एचआर मागेल तेव्हा दे. आणि रेझ्युमे सिलेक्ट झालाय, रजिस्ट्रेशनचे किंवा ट्रेनिंगचे पैसे गुगल पे करा असा फोन आला तर तो फोन ठेवून दे, चांगली कंपनी नोकरी द्यायचे पैसे घेत नाही.