गडग्यावरून रात्री कोण जातं? : ट्रेल कॅमेऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या परसात लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हा झाडाला पट्ट्याने बांधायचा डब्यासारखा कॅमेरा असतो, समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की तो आपला आपण फोटो किंवा व्हिडिओ घेतो, दिवसा रंगीत आणि रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात काळापांढरा. वनखात्याचे लोक ज्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात तोच हा. सगळ्या पत्रांना जागा नाही पुरणार, म्हणून पाच निवडलीत.

आमच्याकडे चिकूची दोन झाडं आहेत. रोज सकाळी अर्धवट खाल्लेले चिकू खाली पडलेले असतात आणि गडग्यावर (चिरे, म्हणजे दगड, रचून केलेल्या कुंपणावर) बियांनी भरलेली विष्ठा. कॅमेरा घेतला, झाडाकडे तोंड करून बांधला, तीन दिवसांत १,४०० फोटो आले आणि सगळे पानांचे! कॅमेरा खराब आहे का?
— एक वाचक, संगमेश्वर

नाही हो, कॅमेरा बिलकुल खराब नाही, जागा चुकलीय. आणि तुमचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय. गडग्यावर, उघड्या उंच जागी, बियांसकट विष्ठा म्हणजे बहुतेक उदमांजर, कांडेचोर म्हणा, आपल्याकडे कोकणात काळं मांजरही म्हणतात. त्याला अशा दिसत्या जागी विष्ठा टाकायची सवयच असते. वटवाघळंही चिकूवर येतात पण ती फळ चावून रस पितात आणि चोथा टाकून देतात, झाडाखाली असे चोथ्याचे गोळे मिळतायत का तेवढं बघा, कदाचित दोघंही येत असतील.

आता फोटो पानांचे का आले ते. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र बघतच नाही, त्याला फक्त समोरच्या पट्ट्यात उष्णतेचा फरक सरकलेला कळतो. दुपारच्या उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने हलली की त्याला वाटतं कुणीतरी गेलं. म्हणून समोरची लोंबती फांदी, उंच गवत जेवढं काढता येईल तेवढं काढा, कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवा म्हणजे उगवतीचा मावळतीचा सूर्य थेट आत येत नाही, आणि ज्या झाडाला बांधाल ते वाऱ्याने डुलणारं नको, बांबू तर नकोच नको. उलटंही होतं बरं का, विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी जमीन आणि जनावराचं अंग सारखंच तापलेलं असतं, तेव्हा समोरून डुक्कर गेलं तरी सेन्सर गप्प बसतो.

मुख्य म्हणजे झाडाकडचं तोंड काढा आणि गडग्याकडे वळवा. जनावर रोज ज्या वाटेने येतं जातं ती वाट धरायची, जिथे खातं ती जागा नंतर. तीन चार मीटर लांब, गडग्याच्या माथ्याच्या थोडं वर, आणि गडग्याला काटकोनात न लावता तिरका लावा. अगदी समोरासमोर चालत येणारं जनावर सेन्सरला उशिरा कळतं, आडवं जाणारं लगेच कळतं, पण पूर्ण आडवं असलं तर कॅमेरा जागा होईपर्यंत शेपूट तेवढी मिळते, तिरक्यात दोन्ही साधतं. लावून झाल्यावर टेस्ट मोडवर टाका आणि घरातल्या पोराला मांजराच्या उंचीवर हात धरून त्या गडग्याच्या कडेने चालायला सांगा, दिवा कुठे लागतो ते बघा, मगच घरी जा.

आमच्या गडग्यावर उदमांजर पहिल्यांदा आलं ते रात्री दोन वाजून गेल्यावर. वीस सेकंदांचा व्हिडिओ. आधी नुसते दोन डोळे चमकले, मग एकेक चिरा पंजाने चाचपत ते पुढे आलं, ढिला चिरा हलला तशी पाय उचलून तिथेच थांबलं, अंगाइतकीच लांब शेपूट मागे सरळ धरलेली, कानसुद्धा हलत नव्हते. मग त्याने तो चिरा सोडून पुढच्यावर पाय ठेवला. दुसऱ्या रात्री त्याच जागी आलं आणि या वेळी न चाचपताच तो चिरा ओलांडून गेलं. मी तो गडगा तीस वर्षं बघतेय, तो चिरा ढिला आहे हे मला माहीतच नव्हतं.

कोथरूडला आमच्या घरामागे छोटी बाग आहे, पाण्याचं भांडं ठेवलंय. सातभाई, दयाळ, मुंगूस येतात. कॅमेरा भांड्यापासून दोन फुटांवर ठेवला तर सगळं धूसर दिसतं आणि रात्री नुसतं पांढरं फटक. काय करू?
— एक वाचक, पुणे

ताई, या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो, साधारण दीड दोन मीटरच्या पुढचं स्वच्छ दिसतं, जवळचं नाही. सोपा उपाय म्हणजे कॅमेरा दोन मीटर मागे न्या. पण सातभाईच्या डोळ्यातली ती पिवळट बाहुलीची कड बघायची असेल तर जवळच हवा, मग चाळिशीच्या चष्म्याची काच कामाला येते. +१ नंबरची काच भिंगापुढे लावली तर साधारण मीटरभर अंतरावरचं स्वच्छ येतं, +२ ची लावली तर अर्ध्या मीटरवरचं. थोड्या ब्लू टॅकने (भिंतीवर कागद लावायला वापरतात त्या मऊ चिकट गोळ्याने) चिकटवा, फक्त एक काळजी घ्या, काच सेन्सरवर येता कामा नये. अंगातून निघणारी ऊब साध्या काचेतून पलीकडे जात नाही, त्यामुळे सेन्सर आंधळा होतो. घराच्या बंद खिडकीतून कॅमेरा लावला तर काहीच का मिळत नाही असं तिघांनी विचारलंय, त्याचंही कारण हेच.

रात्री पांढरं फटक होतंय कारण दिवे लांबच्या जनावरासाठी केलेले असतात. मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी मिळते ना, जखमेवर लावतात ती, तिचे एक दोन थर दिव्यांवर चिकटवा, थर कमीजास्त करत बघा. भांडं उथळ असू द्या, आत एक दगड, पाणी रोज बदला. आणि कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं अंगण किंवा खिडकी येत नाही ना, हे आधी बघा.

आमचा जुन्नर तालुक्यात ऊस आहे. बांधावर बिबट्याचे ठसे दिसतात. कॅमेरा लावावा का? शेजारच्या गावात एकाने व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि शेकडो माणसं गोळा झाली.
— एक शेतकरी वाचक

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुमच्या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेलीत आणि हा कुणाचा छंद नाही. म्हणून आधी हे सांगते, कॅमेरा राखण करत नाही. शेळ्या पक्क्या बंद गोठ्यात, पोरं संध्याकाळी उसाकडेला एकटी नकोत, रात्री पाणी धरायला जाताना सोबत कुणीतरी आणि हातात बॅटरी, हे कॅमेरा असो नसो करायचंच.

स्वतःच्या शेतात लावायला हरकत नाही, वनखात्याच्या जमिनीत मात्र परवानगीशिवाय लावायचा नाही. बांध, पाणंद, कालव्याची कड, या वाटांनी बिबट्या चालतो, तिथे गुडघ्याच्या उंचीवर लावा. पण त्याच वाटेने पहाटे बायामाणसंही जातात, त्यामुळे वस्तीवर सगळ्यांना आधी सांगा, जागा दाखवा, आणि कुणी नको म्हटलं तर तिथून काढा. चुकून माणूस आला तर तो फोटो लगेच पुसून टाका. कार्ड काढायला भर दुपारी जा, दोघं मिळून.

कॅमेऱ्यातून काय कळतं ते तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यानं दाखवलंय. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या उसाच्या, दाट वस्तीच्या खोऱ्यात कॅमेरे लावले होते, जंगल म्हणावं असं काहीच नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशोब असा की १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ बिबटे आणि तेवढेच तरस. शिवाय कोल्हा, खोकड, रानमांजर, वाघाटी (ठिपक्यांचं छोटं रानटी मांजर). म्हणजे उसातही बिबटे राहतातच, ठसा आज दिसला म्हणून बिबट्या आजच आला असं नसतं, कॅमेऱ्यात तारीख आणि वेळ येते, दोन तीन महिने ठेवलात की तो किती वाजता कुठून जातो याचा अंदाज येतो, आणि त्याप्रमाणे आपली कामाची वेळ बदलता येते. हा खरा उपयोग.

व्हिडिओ मिळाला तर ग्रुपवर नको, प्लीज. वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा आणि त्यांना द्या. गर्दी जमली, आरडाओरडा झाला की घाबरलेलं जनावर निघायला वाट शोधतं आणि मधे जो येईल त्याच्यावर जातं. ऊसतोडीच्या वेळी पिल्लं सापडली तर उचलू नका, तोड तिथे थांबवा आणि कळवा. खात्याचे लोक पिल्लं परत ठेवतात आणि आई येऊन नेते का ते लांबून याच कॅमेऱ्यांनी बघतात. आणि हो, उसात सापडलेलं प्रत्येक ठिपक्याचं पिल्लू बिबट्याचं नसतं, वाघाटीचंही असतं, ती तर मोठी झाली तरी घरच्या मांजरापेक्षा लहान.

किती मेगापिक्सेलचा घेऊ? कोणते सेल? पावसाळ्यात चालतो का?
— बरेच वाचक

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, डब्यावर ३० च्या वर आकडा लिहिलेला असतो पण आतला चित्र टिपणारा सेन्सर (उष्णता ओळखणारा तो वेगळा) बऱ्याचदा त्याच्या पाव हिश्श्याचाही नसतो, बाकी चित्र फुगवलेलं असतं. बघायचं ते ट्रिगरचा वेग, म्हणजे हालचाल कळल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ, तो अर्ध्या सेकंदाच्या आत हवा. दिवे ८५० नॅनोमीटरचे असले तर अंधारात लालसर ठिपके दिसतात पण उजेड लांब जातो, ९४० चे दिसत नाहीत पण लांबही जात नाहीत, चोरीची भीती असेल तर ९४० घ्या. सेल शक्यतो लिथियम, महाग आहेत पण रात्रीच्या दिव्यांचा भार नीट झेलतात, अल्कलाइन हळूहळू दम टाकतात आणि मग दिवसाचे फोटो येतात, रात्रीचे येत नाहीत. चार्ज करायचे सेल १.२ व्होल्टचे असतात, काही कॅमेरे त्यांना भरलेले असूनही संपलेले समजतात, आधी विचारून घ्या. नवे जुने एकत्र घालू नका. कार्ड ३२ जीबीचं पुरतं, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

पावसाळ्यात चालतो पण झाकणाची रबरी कड दर वेळी पुसा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि मुंग्या! मागच्या ऑगस्टमध्ये मी तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर आत सेलच्या फटीफटीत मुंग्यांची पांढरी अंडी, अख्खी वसाहत, कार्डाच्या खाचेतसुद्धा. एकही फोटो नाही. आता पावसात दर आठवड्याला उघडून बघते.

घरामागच्या विहिरीजवळ धामण आणि भरपूर बेडूक आहेत. बाबांनी कॅमेरा दिलाय पण त्यात एकही येत नाही. मी बारावीला आहे.
— एक वाचक, सिंधुदुर्ग

येणार कसे बाळा, सापाचं आणि बेडकाचं अंग आसपासच्या हवेइतकंच गार किंवा गरम असतं, सेन्सरला फरकच कळत नाही. सेटिंगमध्ये टाइम लॅप्स शोध, दर एक मिनिटाला एक फोटो असं लाव, म्हणजे काही हलो न हलो फोटो येत राहतील. बेडकांसाठी पहिल्या पावसानंतरच्या रात्री, धामणीसाठी सकाळचं कोवळं ऊन येतं ती जागा, विहिरीच्या कठड्याचा तो कोपरा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. सकाळी तीन तासांचे १८० फोटो होतात, ते चहा पिता पिता बघून होतात. कॅमेरा बांधायला आणि काढायला बाबांना सोबत ने, विहिरीच्या कठड्यावर वाकायचं नाही. धामण बिनविषारी असते हे घरच्यांना सांगून ठेव आणि मिळाली की फोटो मला पाठव, पुढच्या अंकात छापू, गावाचं नाव न घालता.