कोणी फारसं न बनवलेल्या रणगाड्याचं रिमोटवर चालणारं मॉडेल करायचंय, तयार किट नाही. कोणता रणगाडा निवडू आणि सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न बघून खरंच आनंद झाला. टायगर आणि शर्मनची किट्स हवी तेवढी मिळतात, पण ज्याचं किटच नाही असा रणगाडा शून्यातून उभा करायचा ही हौस फार थोड्या लोकांना असते. मी १/१६ स्केलमध्ये, म्हणजे लांबी-रुंदी खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढी, इटलीचा एम१३/४० रणगाडा केलाय. दीड वर्ष लागलं आणि त्यातले पहिले पाच महिने पाण्यात गेले, ते का गेले तेच आधी सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

आपण सगळेच रणगाडा वरून निवडतो. टरेट म्हणजे वरचा फिरणारा बुरूज कसा दिसतो, तोफ केवढी, रंग कोणता. मीही तसंच केलं, आधी प्लास्टिक शीटची पूर्ण बॉडी बांधली, रिव्हेट बसवले, रंगाचा पहिला हात पण मारला आणि मग ट्रॅक, म्हणजे चाकांवरचे कड्यांचे पट्टे, चढवून जमिनीवर सोडला तर सरळ छान जायचा पण वळताना दर दोन मिनिटांनी ट्रॅक उतरायचा. आधी वाटलं ट्रॅक सैल आहे म्हणून घट्ट केला, तर आणखी लवकर उतरायला लागला. कारण सापडायला तीन आठवडे गेले. मागच्या आयडलरचा, म्हणजे ट्रॅक ताणून धरणाऱ्या मोकळ्या चाकाचा, अ‍ॅक्सल मी १ मिमीच्या साइड प्लेटवर बसवला होता, वळताना ताण आला की ती प्लेट किंचित वाकायची, चाक आतल्या बाजूला कलायचं आणि ट्रॅक त्यावरून घसरायचा, मी जितका घट्ट करीन तितकी प्लेट जास्त वाकणार. डोळ्याला दिसतही नव्हतं, चाकाला स्केल पट्टी टेकवून दुसऱ्या हाताने ट्रॅक ओढला तेव्हा फट दिसली. शेवटी आख्खी बॉडी कापून आत २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घातली आणि ४ मिमीचा स्टीलचा रॉड या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार घेतला, तेव्हा थांबलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की रणगाडा ट्रॅकपासून निवडा आणि बांधायलाही तिथूनच घ्या. बॉडीला हात लावायच्या आधी नुसती चासी, दोन मोटर, चाकं आणि ट्रॅक एवढंच करून महिनाभर चालवा, गवतावर, मातीत, चटईवर, उलटं नेऊन वळवा, वर विटेएवढं वजन ठेवून वळवा.

आता कोणता निवडू. एक साधा हिशोब करा, ट्रॅकचा जमिनीला टेकणारा भाग किती लांब आहे ते मोजा आणि त्याला दोन्ही ट्रॅकच्या मधल्या अंतराने, म्हणजे एका ट्रॅकच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, भागा. उत्तर दीडच्या आसपास असेल तर मॉडेल छान वळतं, १.८ च्या वर गेलं की मोटरला वळवताना जीव खावा लागतो. ब्रिटिशांचा टॉग २ दिसायला जबरदस्त आहे, १० मीटर लांब, ८० टनांचा, जगात एकच उरलाय तो बोव्हिंग्टनच्या म्युझियममध्ये, पण इतका लांब आणि अरुंद रणगाडा पहिल्यांदा करू नका. स्वीडनचा एस-टँक वळायला उत्तम पण त्याला टरेटच नाही, तोफ वर-खाली करायला आख्खा रणगाडा पुढे-मागे झुकतो, म्हणजे सस्पेन्शनमध्ये सर्वो (हव्या तेवढ्या कोनात फिरणारी छोटी मोटर) घालणं आलं, तो दुसऱ्या खेपेला करा, मलाही करायचाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या सेंटिनेलची बॉडी एकसंध ओतीव, सगळीकडे गोलाई, शीट कापून होणार नाही पण थ्रीडी प्रिंटर असेल तर मस्त होईल. एम१३/४० मला पहिल्या मॉडेलसाठी योग्य वाटतो कारण प्लेट जवळजवळ सगळ्या सपाट आणि चाकं छोटी छोटी, दोन-दोनच्या बोगीत म्हणजे जोडीत, पानाच्या स्प्रिंगवर. ती स्प्रिंग पातळ स्टील पट्टीचे तुकडे एकावर एक ठेवून खरीच चालणारी करता येते.

ट्रॅक स्वतः प्रिंट करणार असाल तर एक लक्षात ठेवा, एका कडीत ०.१ मिमीचा फरक म्हणजे ८० कड्यांत ८ मिमी. लांबीचा फरक आयडलर सरकवून भरून काढता येतो, स्प्रॉकेटवर, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकावर, मात्र तोच फरक दाताला दात जुळू देत नाही, ट्रॅक दातांवर चढतो आणि कट-कट आवाज येतो. आधी दहा कड्या करा, पिनांनी जोडून ताणून धरा, व्हर्नियरने मोजा आणि त्या मापावर स्प्रॉकेट काढा. उलटं करत बसू नका, स्प्रॉकेट दोनच आहेत, कड्या दीडशेच्या वर. पिनांना मी १.२ मिमीची स्टीलची तार वापरली.

वेगाचा हिशोब लोक सोडून देतात आणि मग रणगाडा उंदरासारखा पळतो. खरा एम१३/४० ताशी साधारण ३२ किमी जायचा, भागिले १६ म्हणजे ताशी २ किमी, सेकंदाला ५५ सेंमी. स्प्रॉकेटचा घेर १२ सेंमी असेल तर मिनिटाला पावणेतीनशे फेऱ्या, गिअर मोटर त्या हिशोबाने घ्या. वजनाला मात्र १६ ने तीनदा भागायचं म्हणजे ४०९६ ने, १४ टनांचे होतात जवळपास ३.४ किलो. माझं मॉडेल आधी दोन किलोच्या आत होतं आणि दगडावरून उड्या मारत जायचं, तळाला शिशाच्या पट्ट्या टाकल्यावर ते जड वस्तूसारखं हळूच झुकून उतरायला लागलं. तो क्षण बघण्यासारखा असतो हो, अचानक खेळणं वाटायचं थांबतं.

ड्रॉइंगवर डोळे झाकून विश्वास नको. स्कॅन केलेलं चित्र बऱ्याचदा एकाच दिशेने ताणलेलं असतं, त्यामुळे लांबी बरोबर आली तरी उंची चुकते. सोपी परीक्षा म्हणजे चित्रातलं एखादं चाक आडवं आणि उभं मोजा, दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. माझ्या पहिल्या ड्रॉइंगमधलं चाक अंडाकृती निघालं आणि मी त्यावरून दोन प्लेट कापून बसलो होतो.

इलेक्ट्रॉनिक्स त्यामानाने सोपं. दोन मोटर, मिक्सिंग (एकाच काडीने दोन्ही मोटरचा वेग जुळवून वळवणं) असलेला स्पीड कंट्रोलर, दोन सेलची लिपो बॅटरी आणि मध्ये फ्यूज. कंट्रोलरची क्षमता मोटर जाम झाल्यावर जेवढा करंट ओढते त्याच्यावर हवी, नुसतं चालतानाचा करंट बघून घेतलात तर पहिल्याच दगडाला जळेल.

आणि हो, एम१३/४० च्या डाव्या बाजूला बॉडीत सैनिकांना आत-बाहेर करायला एक दार आहे. मी ते पितळी बिजागरीवर उघडणारं केलं आणि त्याच्या मागे स्विच आणि चार्जिंगचं सॉकेट ठेवलं, त्यामुळे बॅटरीसाठी वरचा भाग उचलावा लागत नाही. रंगाला वाळवंटी पिवळा घेतला आणि टरेटवर मोठा पांढरा कांगारू काढला, कारण १९४१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन सैनिकांनी पकडलेले इटालियन रणगाडे लिबियातल्या टोब्रुकच्या लढाईत स्वतः वापरायला घेतले तेव्हा आपल्याच लोकांनी गोळी घालू नये म्हणून त्यांवर असे कांगारू रंगवले होते. माझा कांगारू दोनदा पुसून तिसऱ्यांदा जमला, शेपटीचा बाक येत नव्हता.