तळ्याला 'हाय हॅझर्ड' लिहिलंय, मग बांध फुटणार काय?

नमस्कार मंडळी. बेळगावकडच्या खानापूर भागातनं दोघा-तिघांनी एकच विचारलंय. गावच्या जुन्या मातीच्या तळ्याचा सर्वे झाला, कागदावर 'हाय हॅझर्ड' आलं, आता खाली भात लावायचं की नाही? आणि एकानं हळूच विचारलंय, बांधाच्या पायथ्याला ओल असते तिथं ऊस झकास येतोय, ठेवला तर चालतंय न्हवं?

पहिलं सांगतो, हॅझर्ड म्हणजे बांध कमजोर आहे असं नाही. बांध फुटलाच तर खाली काय काय जाईल, एवढंच त्यात बघतात. माणसं दगावण्यासारखी घरं खाली असली की हाय, नुसतं शिवार असलं की लो, आणि मधली एक पायरी. वीस वर्षांमागं खाली फक्त भातशेती होती, आता प्लॉट पडले, घरं झाली, मग बांधाचं ढेकूळ हललं नाही तरी वर्ग वर चढतो. बांधाची तब्येत वेगळी तपासतात, तो रिपोर्ट वेगळा मागा. आणि जुनं तेवढं धोक्याचं असंही नाही बरं का, पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं तेव्हा नवंकोरं होतं.

आता ऊस. एप्रिलात सगळं शिवार करपलंय आणि पायथ्याला एकच पट्टा हिरवागार, पाचट उचललं की खाली चिखल, पाय रुततो, हे पाणी बांधातनंच झिरपतंय. मातीच्या बांधाला थोडा पाझर असतोच, त्याला घाबरू नका. काचेच्या बाटलीत ते पाणी घ्या, तासभर ठेवा. नितळ राहिलं आणि धार दर आठवड्याला तेवढीच असली तर ठीक, पण तळाला माती बसली तर बांध आतनं पोखरतोय, त्याच दिवशी कळवा. उसाच्या दाटीत हे दिसतच नाही, म्हणून माझं मत, ऊस काढा, पट्टा मोकळा ठेवा, गवत आखूड कापा. तिथं काळी माती थापून भोक बुजवू नका, पाणी दुसरीकडनं वाट काढतं. वाळू-खडीचा थर लागतो, तो इंजिनियरच्या देखरेखीखाली. उंदराची बिळं, वाळलेल्या झाडाची मुळं, सगळं दाखवा, स्वतः उपटू नका. रत्नागिरीतलं तिवरे धरण 2019 साली फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडून झालं, पण गळतीची तक्रार गावानं आधीच केलेली.

अजून एक, सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, वाळूची पोती रचून जास्त पाणी अडवायचं आपल्याकडं चालतं, ते एकदम बंद. पाणी बांधावरनं गेलं की माती कापत जातं, मग कुणाच्या हातात काही राहत नाही.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरच्या वरच्या धरणांना, आणि 10 ते 15 मधल्या काहींना. गावतळी बहुतेक त्यात बसत नाहीत, म्हणून वाट बघत बसू नका, ग्रामपंचायतीमार्फत लघु पाटबंधारेला अर्ज द्या, फोटो तारखेसकट लावा, कन्नडमध्ये लिहून घेतला तर फाईल लवकर हलते, आणि पोच शिक्क्यानिशी ठेवा.

भात लावा बिनधास्त. फक्त मोटर आणि खताची पोती ओढ्याच्या काठाला ठेवू नका, आणि पावसात पाणी गढूळ होऊन धार वाढली तर जनावरांची दावी सोडा, उंचावर जा, तिथनं 112 ला फोन लावा.