कामावरचे ग्रुप आणि शिकणं : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी ठाणे-बेलापूर पट्ट्यातून बरेच प्रश्न आलेत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे, ग्रुप आहे, माणसं आहेत, पण शिकणं होत नाहीये. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतेय कारण त्यात बाकीच्यांचंही बरंचसं येऊन जातं.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटर्ससाठी 'ट्रेनिंग' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, मी रोज एक व्हिडिओ टाकतो, पोरं अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. बाकी सगळं गुड मॉर्निंग आणि हॅपी बर्थडे. बंद करून टाकू का?

ग्रुप बंद नका करू, रोजचा व्हिडिओ बंद करा. तुम्ही जे टाकताय ते तुम्हाला सुचलेलं असतं, त्या पोराला त्या दिवशी ते अडलेलं नसतं, आणि माणूस शिकतो ते अडल्यावर. समजा फर्स्ट शिफ्टला बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप पहिल्या दोन-तीन जॉबला (पार्टला) बरोबर आलं आणि मग सरकायला लागलं, पोरगा ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, देतोय, परत उलटा देतोय, काही टिकत नाहीये. त्याने बोअर गेजचा फोटो आणि छोटासा व्हॉइस मेसेज टाकला, "भाऊ ऑफसेट देऊन पण माप राहत नाय." सेकंड शिफ्टच्या सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या जाणत्याने, घरून उत्तर दिलं, "अरे रात्रभर मशीन बंद होतं ना, स्पिंडल, बॉलस्क्रू सगळं थंड आहे, तापलं की वाढतं, आधी पंधरा-वीस मिनिटं वॉर्म-अप चालव मग पहिला जॉब लाव." झालं. हे ज्याने विचारलं तो तर विसरणार नाहीच, पण नुसतं वाचणारे जे दहा जण गप्प बसलेले असतात तेही शिकले, आणि ते तुमच्या कुठल्याही तासाभराच्या लेक्चरमधून झालं नसतं.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी १९९१ साली शिकाऊ कामगारांबद्दल जे मांडलं त्यात लायबेरियातले शिंपी होते. तिथे नवा पोरगा आधी काज-बटण, हातशिलाई करतो, मग शिवण, आणि कापड कापायचं काम सगळ्यात शेवटी, पण या सगळ्या काळात तो उस्तादाच्या आसपासच असतो आणि अख्खा कपडा कसा तयार होतो ते बघत असतो. तुमच्या ग्रुपने एवढंच करायचंय, नवख्याला जाणत्याच्या शेजारी बसायला जागा द्यायची, शिफ्ट वेगळी असली तरी.

आता करायचं काय. गुड मॉर्निंगवाल्यांना ओरडू नका, त्यांना वेगळा ग्रुप काढून द्या, माणसांना तेही लागतं. या ग्रुपला ट्रेनिंग वगैरे नाव नको, 'मशीनवर अडलंय' असं काहीतरी ठेवा. हिंदी, भोजपुरी, मराठी, ज्याला जे येतं त्यात बोलू द्या, टाईप करायची सक्ती नको. दोन जाणत्या सेटरना सांगा की प्रश्न आला तर त्याच शिफ्टमध्ये उत्तर जायला हवं, आणि त्याबद्दल त्यांच्या कामाच्या वेळेत तेवढी सवलत द्या, फुकट राबवू नका. सुटलेला प्रश्न एका शीटमध्ये उतरवून ठेवा कारण व्हॉट्सॲपवर पिन करून तीनच मेसेज राहतात आणि तेही जास्तीत जास्त ३० दिवस, नंतर तो ढिगात गेला की कोण शोधणार. वारंवार येणारा प्रश्न असेल तर मिनिटभराचा व्हिडिओ काढून त्याचा क्यूआर कोड मशीनलाच चिकटवा. पण व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड करून टाकणार असाल तर लक्षात असू द्या, लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघू शकतो, त्यामुळे कस्टमरचं ड्रॉइंग त्यात दिसता कामा नये. आणि फोन हातात घ्यायचा तो मशीनची सायकल थांबल्यावरच, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं, रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या जॉबचा, फोटो टाकला म्हणून एकाला जरी मेमो दिलात तर त्या ग्रुपवर परत एकही खरा फोटो येणार नाही. मालकांनाही हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : ठाण्यात एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. जखमांचे, एक्स-रेचे फोटो ग्रुपवर येतात, ज्युनिअर्सना खूप शिकायला मिळतं. चेहरा झाकला की चालतं ना?

नाही चालत ताई. चेहरा झाकला तरी एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव आणि तारीख असते, हातावर गोंदलेलं असतं, मागे बेड नंबरची पाटी दिसते, आणि फोटो बऱ्याच जणांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, मग तो फोन घरी पोराच्या हातात जातो. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे की पेशंटची ओळख पटेल असा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही, आणि मेडिकल जर्नलला जो नियम आहे त्यातून आपला ग्रुप सुटेल असं मला अजिबात वाटत नाही. तुमच्या पेशंटने विश्वासाने अंग उघडं केलेलं असतं, त्या विश्वासावर मी तडजोड करणार नाही.

शिकणं मात्र थांबवू नका. फोटोशिवाय लिहा : वयस्कर पेशंट, बरेच दिवस अंथरुणावर, माकडहाडापाशी लाली, दाबल्यावर पांढरी पडत नाही, तुम्ही पुढे काय कराल? ज्युनिअर्सना आधी उत्तर देऊ द्या, मग सिस्टरने सांगायचं की ही प्रेशर सोअरची पहिली पायरी, कूस किती वेळाने बदलायची, त्वचा कशी तपासायची. फोटो बघून पोरी नुसत्या "बापरे" म्हणतात, असं विचारलं की डोकं चालवतात. फोटो हवाच असेल तर लेखी परवानगी घेऊन हॉस्पिटलच्या सिस्टिमवर ठेवा, स्वतःच्या फोनवर नाही.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्स बघते. आमच्या ग्रुपवर जीएसटीचे फॉरवर्ड येत राहतात, निम्मे जुने असतात. डिस्पॅचवाला त्यावर विश्वास ठेवतो आणि घोळ होतो.

हे फार ठिकाणी होतंय. माल नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाच्या मुदतीचंच घ्या, साध्या मालाला एका दिवसात १०० किलोमीटर हा हिशोब १ जानेवारी २०२१ पासून २०० झाला, पण जुना तक्ता अजून फिरतोच. दरांचं तसंच, २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांतला बहुतेक माल ५ नाहीतर १८ मध्ये गेला, तरी त्याआधीचे रंगीत चार्ट ग्रुपवर येतात आणि दिसायला इतके छान असतात की कुणी तारीखच बघत नाही. म्हणून एकच नियम ठेवा, तारीख आणि सरकारी नोटिफिकेशन नंबर नसेल तर ते फॉरवर्ड वाचायचं पण वापरायचं नाही. चुकीचं टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर झापू नका, त्याच्याच मेसेजला रिप्लाय करून बरोबर काय ते लिहा, म्हणजे वर-खाली वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसेल.

प्रश्न : ऐरोलीत आयटीत आहे, दोन वर्षं झाली. कामात जे शिकतो ते लिंक्डइनवर लिहावं का?

लिहा. दुसऱ्याला समजेल असं लिहायला बसलं की आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच कळतं. क्लायंटचं नाव, स्क्रीनशॉट, ऑफिसचा कोड यातलं काही नको, अडचण काय होती आणि ती तुम्ही कशी विचार करून सोडवली तेवढं सांगा. कंपनीची सोशल मीडिया पॉलिसी एकदा वाचून घ्या.

प्रश्न : नेरूळला राहतो, तुर्भ्याला एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर आहे, वय ५४. नवीन सॉफ्टवेअर आलंय, सगळे ग्रुपवर विचारतात, मला लाज वाटते. तरुण पोरं काय म्हणतील?

काका, तुम्ही एकटे नाही, प्रत्येक ग्रुपवर तुमच्यासारखे गप्प बसलेले असतात आणि त्यातले बरेच तिशीचेही असतात. सुरुवात ग्रुपवर नका करू. ज्या पोराशी तुमचं बरं जमतं त्याला पर्सनल मेसेज करा, स्क्रीनचा फोटो काढून, "इथपर्यंत आलो, पुढचं बटण कुठलं?" असा. 'मला काही येत नाही' असं लिहू नका, कारण त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. दोनदा-तीनदा असं केलं की एक दिवस तोच प्रश्न ग्रुपवर टाका, बघा किती जण खाली "मला पण" लिहितात.

आणि त्याच पोरांना हे माहीत नसतं की पावसाळ्यात कुठल्या रॅकला ओल येते, कुठल्या पार्टीचा माल खोका न फोडता घ्यायचा नाही. ते तुम्ही ग्रुपवर सांगा, जूनच्या आधी, रॅकचा फोटो टाकून.