काल मोठं अपडेट केलं, तेव्हापासून फोन तापतोय, बॅटरी झरझर उतरतेय. काय करू?
अपडेट कालच केलंय म्हणताय, तर आधी दोन-तीन दिवस कळ काढा. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत बरंच काम काढतो. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप्स नव्या सिस्टिमसाठी पुन्हा कंपाइल होतात (म्हणजे फोनला चालवता येतील अशा रूपात नव्याने बनतात), आयफोनमध्ये फोटो आणि सर्चची अनुक्रमणिका नव्याने तयार होते. यातलं बरंचसं फोन चार्जिंगला असताना आणि कोणी हात लावत नसताना चालतं. म्हणून रात्री चार्जरला लावा, वायफाय चालू ठेवा आणि खुशाल झोपा.

माझ्या फोनचा कीबोर्ड मागच्या अपडेटनंतर प्रत्येक अक्षरापाशी अडायचा. नुसतं 'हो' लिहायचं तरी वैताग! शेवटी कीबोर्ड अ‍ॅपची कॅशे (तात्पुरता साठवलेला डेटा) साफ केली, तेव्हा सुटला.

आठवडा उलटूनही फोन तापत असेल, बॅटरी उतरत असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी उघडून कोणतं अ‍ॅप खातंय ते बघा. बरेचदा एखादं जुनाट, अपडेट न झालेलं अ‍ॅप सापडतं. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तरी फोन रखडतो. फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा करणं, अगदी शेवटी, तेही बॅकअप घेऊनच. आणि ती 'रॅम क्लीनर' अ‍ॅप्स अजिबात घेऊ नका; त्यांनी बंद केलेली अ‍ॅप्स पुन्हा उघडताना उलट जास्तच बॅटरी जाते.